समाजशास्त्रात एम. ए. करताय? वस्तीत जाण्याआधी या चुका टाळा

मे महिना, दुपारचे साडेबारा. पूर्व नागपुरातल्या एका वस्तीत माझ्यासोबत आलेल्या विद्यार्थिनीने पिशवीतून छापील अनुसूची, म्हणजे विचारायच्या प्रश्नांचा फॉर्म, काढली आणि पहिला प्रश्न वाचला, "आपल्या कुटुंबाचे मासिक उत्पन्न किती?" दारात भांडी घासत बसलेल्या बाईंनी मान वर न करताच सांगितलं, "पाच हजार." घरात तीन कमावते, खिडकीत कूलर, दाराशी मोपेड आणि उत्पन्न पाच हजार. तिने निमूट आकडा लिहून घेतला. मग बाईंनीच विचारलं, "मागच्या वर्षी बी एक पोरगी आली होती. फॉर्म भरून नेला. घरकुलाचं काय झालं मंग?"

उपयोजित समाजशास्त्राच्या अभ्यासक्रमात पोरं अडतात ती इथेच. पेपर निघून जातात. पण नव्या शैक्षणिक धोरणानंतर पहिल्याच वर्षी संशोधन पद्धती आणि फील्ड प्रोजेक्ट किंवा ऑन जॉब ट्रेनिंग आलं, दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प. म्हणजे वस्तीत जाण्यावाचून गत्यंतर नाही, आणि बहुतेक जण घरी बसून लिहिलेले प्रश्न घेऊन तिथे जातात.

बाईंचं काही चुकलं नव्हतं. हातात कागद घेऊन नाव, वय, उत्पन्न विचारणारा माणूस त्यांच्या अनुभवात योजनेचाच असतो. उत्पन्न जास्त सांगितलं तर रेशन कार्डाचं काय, हा हिशोब त्या करणारच. म्हणून कागद बाहेर काढण्याआधी सांगा: मी कॉलेजात शिकते, यातून कोणतीही योजना मिळणार नाही, तुमचं नाव कुठे छापणार नाही, एखादा प्रश्न नको वाटला तर सोडून देऊ. हे "योजना मिळणार नाही" सांगायला मुलं घाबरतात, लोक बोलणार नाहीत म्हणून. काही जण दार लावतीलही. पण जे बोलतील त्यांचं उत्तर तुमच्या कामाचं असेल.

अनुसूच्या भरून झाल्या आणि आकडे पटत नसतील तर त्या फेकू नका. पुन्हा जा आणि खर्च विचारा. भाडं किती, किराणा किती, बचत गटाचा हप्ता, भिशी, पोरांची ट्यूशन. खर्चाबद्दल माणूस मोकळेपणाने बोलतो, त्यात त्याची तक्रारही असते. दोन आकड्यांतली तफावत लघुप्रबंधात लिहा. ती लपवायची गोष्ट नाही, तोच तुमचा निष्कर्ष असू शकतो.

वेळेचंही तसंच. सकाळी धुणीभांड्याच्या बायका घरी नसतात, नळ आल्यावर कोणी बोलत नाही. दुपारी बोलतात, पण शेजारी सासू बसली की उत्तरं सासूच देते. ती उत्तरं सुनेच्या नावावर लिहू नका. दुसऱ्या दिवशी जा, पाण्याचा गुंड उचलायला हात लावा, तिथे ती बोलेल.

आता सगळ्यात नाजूक रकाना, जात. छापील अनुसूचीत तो तिसऱ्या-चौथ्या नंबरवर असतो आणि पुढे चौकटी: खुला, ओबीसी, एससी, एसटी. नागपुरात हा रकाना साधा नाही. तांडापेठ, पाचपावली, गोळीबार चौक या भागांत पिढ्यान् पिढ्या विणकर राहतात. मागावरचं काम होतं, १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाल्यावर गिरणीतलंही आलं. यांतली अनेक घरं स्वतःला हलबा म्हणवतात. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली मिलिंद प्रकरणात निकाल दिला की, हलबा-कोष्टी (म्हणजे हेच विणकर) अनुसूचित जमातींच्या यादीतल्या 'हलबा' या नोंदीत येत नाहीत. त्यानंतर प्रमाणपत्रं, पडताळणी, नोकऱ्या यांवरून कुटुंबांनी वर्षानुवर्षं काय सोसलं ते त्या गल्ल्यांतून ऐकायला मिळतं. अशा दारात उभं राहून ओळख नसताना "जात कोणती?" विचारलं की समोरचा माणूस उत्तर देत नाही, सावध होतो. गोवारी समाजाचंही तसंच. यादीत 'गोंड गोवारी' आहे आणि आपण 'गोवारी', या एका नोंदीच्या प्रश्नावर २३ नोव्हेंबर १९९४ रोजी निघालेल्या मोर्चात याच शहरात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसं गेली.

म्हणून हा रकाना शेवटी घ्या, चौकटी काढून टाका आणि माणूस जे म्हणेल ते त्याच्याच शब्दांत लिहा. प्रमाणपत्रावर काय आहे, घरात काय म्हणतात आणि शेजारी काय म्हणतात ही तीन वेगळी उत्तरं असू शकतात. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने ती तिन्ही ऐकायची असतात. खरं कोणतं हे ठरवणं तुमचं काम नाही.

विषयाचं शीर्षक. "नागपूर शहरातील झोपडपट्टीवासीयांच्या समस्या: एक समाजशास्त्रीय अध्ययन." या वळणाचं शीर्षक मी इतक्या वेळा वाचलं आहे की आत काय असणार ते आधीच कळतं. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या २४ लाखांवर होती आणि तुम्ही भेटणार ५० जणांना, तेही ओळखीतून ओळख काढत. ५० पैकी ३१ जण काही म्हणाले तर "३१ जण म्हणाले" असं लिहा. "नागपुरातील ६२ टक्के झोपडपट्टीवासीयांचे मत" असं लिहू नका. एक वस्ती घ्या, एक काम घ्या, एक प्रश्न घ्या. कळमना बाजारातल्या हमालांचं गावाशी नातं कसं टिकतं, एवढाही प्रश्न दोन सत्रं पुरतो. मोठा विषय आधीच मंजूर झाला असेल तर गाइडना आजच भेटा. व्हायवाच्या आदल्या आठवड्यात कोणीच काही करू शकत नाही.

लघुप्रबंध शेतकरी आत्महत्यांवर असला की पहिल्या प्रकरणात फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दर्खीम येतो, आत्महत्येवरचा १८९७ चा ग्रंथ येतो, व्यक्ती आणि समाजातले बंध सैल झाले की काय होतं ते येतं. चौथ्या प्रकरणात यवतमाळचे शेतकरी येतात आणि तिथे दर्खीमचं नावही नसतं, फक्त तक्ते. सावकाराचं कर्ज, बँकेचं कर्ज, मुलीचं लग्न, पाऊस. या घरात बंध तुटले होते, की उलट नात्यांचं ओझंच असह्य झालं होतं? हा प्रश्न तक्त्याखाली लिहा. सिद्धान्त लागू पडत नसेल तर तेही लिहा, परीक्षकांना ते हवंच असतं.

प्रवेशाआधीच्या दोन गोष्टी पटकन सांगते. एम. एस. डब्ल्यू., म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, आणि समाजशास्त्रातलं एम. ए. एक नाही. वैद्यकीय समाजसेवकासारख्या पदांच्या जाहिरातीत समाजकार्याची पदवी मागतात, तेव्हा तशी नोकरी हवी असेल तर जाहिराती आधी वाचा. दुसरं, नेटसाठी, म्हणजे प्राध्यापक होण्यासाठीच्या पात्रता परीक्षेसाठी, खुल्या प्रवर्गाला एम. ए.त ५५ टक्के लागतात, एससी, एसटी, नॉन-क्रीमीलेअर ओबीसी आणि दिव्यांगांना ५०. ५४.९ चे ५५ धरत नाहीत. नेटचा पेपर इंग्रजी आणि हिंदीत असतो, म्हणून मराठीतून शिकणाऱ्यांनी पहिल्या सत्रापासून मराठी-इंग्रजी प्रतिशब्दांची वही ठेवावी: स्तरीकरण म्हणजे स्ट्रॅटिफिकेशन, प्रमाणकशून्यता म्हणजे अ‍ॅनॉमी.

टायपिंग युनिकोडमध्येच करून घ्या. कृतिदेव या जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की अक्षरांचा चिवडा होतो.

आणि टिपणं जपा. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९४८ मध्ये म्हैसूरजवळच्या रामपुऱ्यात क्षेत्रकार्य केलं. १९७० मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डला लागलेल्या आगीत त्यांच्या प्रक्रिया केलेल्या टिपणांच्या तिन्ही प्रती जळाल्या, कारण तिन्ही एकाच खोलीत होत्या. त्यांनी आठवणीतून पुस्तक लिहिलं, ते १९७६ मध्ये आलं. तुम्ही आजच्या मुलाखतीची टिपणं आज रात्रीच लिहा, बोलणाऱ्याचा शब्द वऱ्हाडी, हिंदी, छत्तीसगढी असेल तसाच ठेवा, पानांचे फोटो काढा आणि स्वतःलाच ई-मेल करा.