उधईच्या पोटातले जीव शाळेच्या सूक्ष्मदर्शकात कसे बघायचे

विज्ञान शिकवणाऱ्या माझ्या सोबत्यांसाठी हे लिहिते आहे. शाळेचा सूक्ष्मदर्शक कांद्याच्या पापुद्र्यासाठी एकदा बाहेर निघतो आणि वर्षभर कपाटात पडून राहतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आमच्या ब्रह्मपुरीकडे उधई, म्हणजे वाळवी, शोधायला लांब जावं लागत नाही.

पण उधई कोणती घ्यायची, सगळं यावरच आहे. धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, वारुळातली बहुधा ओडोन्टोटर्मिस जातीची असते. तिच्या पोटात जिवाणू असतात, मोठे आदिजीव (एकपेशी प्राणी) नसतात. आपल्याला हवी कोप्टोटर्मिस. ती गोठ्याच्या ओल्या खांबात, कवेलूखालच्या जुन्या मयालीत (तुळईत) सापडते. ओळखायची खूण सोपी: सैनिकाला काडीने डिवचलं की त्याच्या कपाळातून दुधासारखा पांढरा चिकट थेंब येतो. औषध मारलेलं लाकूड मात्र घेऊ नका. उधई त्याच लाकडाच्या तुकड्यासकट डब्यात आणा, सोबत ओला कापूस ठेवा.

मिठाचं पाणी आधी करून ठेवा. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर मिळतं ना, त्याच्या एक लिटरमध्ये 6 ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. नुसत्या पाण्यात हे जीव फुगून फुटतात.

आता कामकरी उधई घ्या, सैनिक नको. स्लाइडवर मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवा. एका चिमट्याने डोकं धरा, दुसऱ्याने पोटाचं अगदी शेवटचं टोक, आणि हळूच ओढा. आतडं अख्खं बाहेर येतं. त्यातला फुगीर, तपकिरी भाग थेंबात सुईने फोडा, कव्हरस्लिप ठेवा आणि लगेच बघा. लगेच म्हणजे लगेचच, कारण यातल्या बहुतेकांना हवेतला ऑक्सिजन सोसत नाही. थोड्याच मिनिटांत हालचाल मंदावते. म्हणून सूक्ष्मदर्शक आधीच उजेडात लावून ठेवायचा, मुलांची रांग आधीच करायची.

100 पटीवर सुरुवात करा. सगळ्यात मोठा दिसतो तो स्यूडोट्रायकोनिम्फा, धानाच्या दाण्यासारखा निमुळता, अंगभर कशाभिका, म्हणजे पोहायचे केसांसारखे धागे, लवलवत असलेला. 400 पटीवर गेलात की त्याच्या पोटात लाकडाचे बारीक कण दिसतात. इथे थांबा, घाई करू नका. आपला गोठा पोखरून उधईने खाल्लेलं लाकूड पचवण्याचं मोठं काम हे जीव करतात, हे मुलांना डोळ्यांनी कळतं. आमच्या वर्गातली एक मुलगी ओरडली होती, "मॅडम, हे तं जित्ते हायेत जी!" ज्याच्या कशाभिका गोल पेचात गुंडाळलेल्या दिसतात तो होलोमॅस्टिगोटॉइडिस. सुतासारखे वळवळणारे बारीक जीव बहुधा स्पायरोकीट जिवाणू.

क्लीव्हलंड या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1920च्या दशकात उधईला जास्त ऑक्सिजनमध्ये ठेवून तिचे आदिजीव मारले. उधई जिवंत राहिली, लाकूडही खात राहिली, पण पचेना, आणि ती उपाशी मेली. आदिजीव परत दिले की ती जगे. लाकडात नत्र फार थोडं असतं, त्याचीही सोय आतच आहे: स्यूडोट्रायकोनिम्फाच्या पेशीत राहणारे जिवाणू हवेतला नत्र बांधतात, हे 2008 मध्ये जपानी संशोधकांनी त्यांच्या जनुकांवरून दाखवलं. उधईत आदिजीव, आदिजीवात जिवाणू.

हे झालं की दुसरी स्लाइड धुऱ्यावरच्या उधईची करा. ही पायरी गाळू नका, माझ्या मते खरा धडा इथेच आहे. मोठं काहीच पोहताना दिसणार नाही. मुलं विचारतील, मग ही लाकूड कसं पचवते? तेव्हा सात्यांची आठवण करून द्या. पावसाळ्यात वारुळावर उगवणाऱ्या, आपण भाजी करून खातो त्या सात्या म्हणजे टर्मिटोमायसिस बुरशीची छत्रं. ही उधई वारुळात त्या बुरशीची शेती करते. पचनाचं बरंचसं काम पोटाबाहेरच होतं.

डब्यात एखादी पूर्ण पांढरी, नुकतीच कात टाकलेली कोप्टोटर्मिस कामकरी दिसली तर तिचीही स्लाइड करा. कातीबरोबर तिचे आदिजीव गेलेले असतात. सोबतिणींच्या गुदद्वारातून येणारा रस चाटून ती ते परत मिळवते. एकटी ठेवली तर ते तिला मिळत नाहीत.

शेवटी सूक्ष्मदर्शकाला लागलेलं मिठाचं पाणी साध्या ओल्या कापडाने पुसून कोरडं करा, नाहीतर गंज चढतो.