ॲक्वापोनिक्स: टाकी तयार होईपर्यंत मासे सोडू नका

ॲक्वापोनिक्स म्हणजे माशांच्या टाकीतलं पाणी फिरवून त्यावर भाजी पिकवणं. माशांची टाकी, वर खडीचा वाफा, पाणी चढवायला पंप आणि हवेला एअर पंप. जोडणी एका दुपारचं काम. वजन मात्र आधी बघा: हजार लिटर पाणी म्हणजेच एक टन, वर ओली खडी. गच्चीवर मांडायचं तर इंजिनिअरला विचारून. खडीवर व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर ती चुनखडीची, पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) चढवत राहील. दुसरी आणा.

आता खरी मेख. ‘दोन दिवस पाणी ठेवा आणि मासे सोडा’ हा सल्ला सर्रास मिळतो. दोन दिवसांत फार तर क्लोरीन उडतं. माशांमुळे पाण्यात अमोनिया साठतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. भाजीला लागतं ते नायट्रेट. आधीची दोन्ही माशांच्या जिवावर उठतात. हे जिवाणू खडीवर जम बसवायला चार ते सहा आठवडे घेतात, थंडीत त्याहून जास्त.

म्हणून सुरुवात माशांविना. बिनवासाचा, बिनसाबणाचा अमोनिया घ्या (बाटली हलवल्यावर फेस टिकला तर तो नको). लिटरला २ ते ३ मिलिग्रॅम होईल इतकाच टाका आणि रोज मोजा. निरोगी जुन्या टाकीतली मूठभर खडी मिळाली तर विरजणासारखी कामाला येते.

काही दिवसांनी अमोनिया उतरतो आणि नायट्राइटच्या चाचणीची नळी जांभळी होते. मला सगळ्यात जास्त छळलं ते याच टप्प्याने. जांभळा रंग हटता हटत नाही, आणि वैतागून खडी धुवायला हात शिवशिवतात. अजिबात धुवू नका! दुसरे जिवाणू मुळातच संथ. तुम्ही खडी धुतलीत की जमलेलं सगळं गेलं. अमोनिया टाकणं कमी करा आणि थांबा. टाकलेला अमोनिया चोवीस तासांत शून्य, नायट्राइटही शून्य आणि नायट्रेट चढलेलं, हे दिसेपर्यंत एकही मासा नको. दुकानदार काहीही म्हणो.

पुढचं सोपं. हजार लिटरला २० किलोपेक्षा जास्त मासे नकोत; नवख्याने निम्म्यावरच थांबावं. पालेभाजीच्या चौरस मीटरमागे रोज ४० ते ५० ग्रॅम खाद्य. उरलेलं अर्ध्या तासात काढा. पीएच ७ च्या खाली, पण ६ च्या वर राहू द्या. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल असं पाण्यात विरघळणारं लोह) द्या. कीटकनाशक वाफ्यावर मारू नका, पाणी शेवटी माशांकडेच जातं. एअर पंपाला बॅटरी जोडाच. वीज गेली तर दाट टाकीतले मासे काही तासांत गुदमरतात.