टूर्नामेंटमधल्या फौजांचं रंगकाम तपासताना: नव्या परीक्षकांसाठी

मिनिएचर, म्हणजे टेबलावरच्या युद्धखेळातले छोटे पुतळे, रंगवता येतात म्हणून परीक्षण जमेल, असं समजून बरेच जण गुणपत्रक हातात घेतात आणि पहिल्या दहा फौजांमध्येच अडकतात. याचं कारण साधं आहे. १९८७ पासून चालत आलेल्या गोल्डन डेमनसारख्या निव्वळ रंगकामाच्या स्पर्धेत कपाटात ठेवलेलं एकेक मॉडेल बघायचं असतं. टूर्नामेंटमध्ये समोर येते ती अख्खी फौज. ‘वॉरहॅमर ४०,०००’ या युद्धखेळात तुकड्यांची किंमत पॉइंटांत मोजतात; त्याच्या २००० पॉइंटांच्या यादीत कधी तीस मॉडेल्स असतात, कधी शंभराच्या वर. ती दिवसभर उचलली जातात, पडतात, पुन्हा मांडली जातात. इथे सेनापतीचा चेहरा किती देखणा आहे हा प्रश्न दुय्यम. त्या चेहऱ्यावर दिसलेली पातळी मागच्या रांगेतल्या विसाव्या शिपायापर्यंत टिकली का, हे बघायचं असतं.

आधी एक गोंधळ दूर करू. किमान तयारी आणि रंगकामाचं बक्षीस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘वॉरहॅमर ४०,०००’च्या नवव्या आणि दहाव्या आवृत्तीत प्रत्येक डावाच्या १०० गुणांपैकी १० गुण ‘बॅटल रेडी’ फौजेला मिळतात. मुख्य भाग रंगवलेले आणि बेस (मॉडेलच्या पायाखालची चकती) साधेपणाने का होईना पूर्ण केलेले, एवढीच अपेक्षा. जुन्या स्पर्धांमधली ‘किमान तीन रंग’ ही अट त्याच जातीची. यात हो किंवा नाही एवढंच उत्तर असतं. ‘तसं ठीकच आहे, पाच देऊ’ असली तडजोड इथे करायची नाही. एका तुकडीतले चार जण नुसत्या प्रायमरवर (रंगाआधीच्या अस्तरावर) उभे असतील तर ते लगेच आयोजकांना सांगा, कारण त्याचा परिणाम सामन्याच्या निकालावर होतो.

बक्षिसाचं गुणपत्रक स्पर्धेआधी खेळाडूंपर्यंत पोचलेलं असावं. ४० गुणांची एक सोयीची विभागणी अशी: किमान तयारी १०, रंगकामाचं तंत्र १२, एकसंधता ८, बेस ६, कन्व्हर्जन (मॉडेलचे भाग बदलून वेगळं बनवणं) ४. कन्व्हर्जनला एवढेच, कारण जादा किट विकत घेऊन हात-पाय बदलणं हे बऱ्याचदा खिशाचं काम असतं, ब्रशचं नव्हे. प्रत्येक भागात ‘एक ते दहा’ अशी मोकळी पट्टी ठेवू नका. तशी ठेवली की सगळे सहा ते आठच्या मध्ये येऊन बसतात आणि शेवटी पाच जण बरोबरीत सुटतात. त्याऐवजी प्रश्न विचारा: सर्व बेसच्या कडा एका रंगात आहेत का? दोन गुण. प्रत्येक मॉडेलवर सावली आणि उजळ भाग (हायलाइट) दोन्ही दिसतात का? तीन गुण. ‘प्रत्येक’ हा शब्द मुद्दाम ठेवा. दोन परीक्षक असतील तर सुरुवातीला त्याच तीन फौजा दोघांनी वेगवेगळ्या तपासाव्यात आणि आकडे जुळवावेत. फरक चारपेक्षा जास्त आला तर आधी प्रश्नांचा अर्थ ठरवा आणि मगच पुढे जा.

वेळेचं गणित कठोर असतं. ४० फौजा आणि जेवणाच्या सुट्टीतला एक तास, म्हणजे फौजेमागे ९० सेकंद, त्यातच एका टेबलावरून दुसऱ्याकडे जाणं. म्हणून फेऱ्या दोन करा. पहिल्या फेरीत सगळ्यांचं गुणपत्रक भरायचं, दुसऱ्या फेरीत वरच्या पाच-सहा फौजाच सावकाश बघायच्या. पहिली फेरी शक्यतो पहिल्या सामन्याआधी घ्या. दुसऱ्या दिवशी भाल्यांच्या टोकांचे टवके उडालेले असतात आणि त्यासाठी गुण कापावेत की नाही, हा वाद नको.

बघण्याचा क्रम लांबून जवळ असा ठेवा. आधी साधारण एक मीटरवरून: ही एकच फौज वाटते का, कोणती तुकडी कोणती हे कळतं का, नजर कुठे जाते? पांढऱ्या चिलखतावरचा लाल पट्टा चार तुकड्यांवर असेल आणि पाचवीवर नसेल, तर ते इथूनच दिसतं. मग हातभर अंतरावर या. प्रत्येक तुकडीतून एक मॉडेल निवडा, पण खेळाडूने पुढे मांडलेलं नको, मागच्या रांगेतलं. तिसरी नजर रणगाडा, राक्षस, सेनापती अशा मोठ्या मॉडेलवर. हे शेवटी ठेवण्याचं कारण असं की मोठं मॉडेल आधी बघितलं की त्याची छाप बाकीच्या पन्नास शिपायांवर पडते आणि हात आपोआप सैल होतो.

भिंग वापरू नका. फौज डोळ्यांनी बघण्यासाठी रंगवलेली असते आणि भिंगाखाली कुणाचीच फौज टिकत नाही. टॉर्च मात्र हवाच, कारण सभागृहातल्या पिवळ्या दिव्यांखाली निळा आणि जांभळा रंग सारखेच दिसतात. ५००० ते ५५०० केल्विनचा, सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा आकडा) ९०च्या वर असलेला छोटा दिवा घ्या आणि सगळ्या फौजांवर एकाच बाजूने तिरका धरा. मोबाइलचा फ्लॅश समोरून पडतो, व्हार्निश चमकवतो आणि चांगलं ब्लेंडिंग (एका छटेतून दुसरीत अलगद जाणं) सपाट करून टाकतो.

आता दोष, कारण खरी कसोटी इथे आहे. दोष दिसणं सोपं आहे, पण तो कशामुळे आला हे ओळखता आलं तरच तो कुठल्या रकान्यात आणि कितीदा मोजायचा हे ठरतं. पहिल्यांदा मोल्ड लाइन, म्हणजे साच्याच्या जोडाची खूण बघा: खांद्यावरून, हेल्मेटवरून, बंदुकीच्या नळीवरून जाणारी बारीक शीर. ड्रायब्रश केला (जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवर घासला) की ती आणखी उठते. थ्रीडी प्रिंट केलेल्या मॉडेलवर तिच्या जागी थरांच्या रेषा दिसतात, आणि दोन्हींना एकच नियम लावा. साखळी-चिलखताच्या कड्या बुजल्या असतील तर रंग पातळ न करता लावलेला आहे. पृष्ठभाग वाळूसारखा खरखरीत असेल तर स्प्रे लांबून मारल्याने प्रायमर हवेतच सुकलेला आहे. सपाट भागावर चहाच्या डागासारखी कडा दिसली तर वॉश (खाचांत उतरणारा पातळ गडद रंग) साचून सुकलेला आहे. व्हार्निशवर पांढुरकं धुकं आलं असेल तर दमट हवेत स्प्रे केलेला असतो. तसंच धुकं फक्त सांध्यापाशी असेल तर ते सुपरग्लूच्या वाफेचं. ट्रान्सफरभोवती (पाण्याने चिकटवायच्या छापील चिन्हाभोवती) चंदेरी चमक असली तर मॅट पृष्ठभागावर चिकटवताना खाली हवा अडकली आहे. आधी ग्लॉस व्हार्निशचा थर दिला असता तर ती अडकली नसती. लाल झग्यात चमकी दिसली तर धातुरंगाचा ब्रश त्याच पाण्यात धुतलेला आहे. एकाच रंगाच्या उंचवट्यांवर प्रायमर उघडा पडला असेल तर बहुधा कॉन्ट्रास्ट प्रकारचा (एकाच थरात सावली आणि उजेड देणारा) रंग व्हार्निश न करता हाताळला गेला आहे.

एकच दोष साठ मॉडेल्सवर दिसला म्हणून साठ वेळा गुण कापायचे नसतात. तो सवयीचा दोष आहे, एकदाच मोजा. उलट दहा मॉडेल्स निर्दोष आणि बाकीची घाईत उरकलेली, हे एकसंधतेत जड पडायला हवं.

बेसवर नवे परीक्षक सर्वांत कमी वेळ देतात, आणि तिथेच गुणांचा सर्वांत स्वस्त फरक पडतो. पायदळाचे बेस साधारण २५ ते ४० मिलिमीटरचे, म्हणजे वरून बघताना बेसच जास्त दिसतो. कडेवर सांडलेले रंगाचे थेंब, पीव्हीए गोंदाचा पांढरा माग, रंग न दिलेली वाळू, नुसतं चिकटवलेलं गवत बघा. बर्फाळ जमिनीवर उभ्या शिपायाचे बूट स्वच्छ कोरडे असतील तर मॉडेल आणि बेस वेगवेगळे रंगवून जोडले आहेत. ते चूक नाही, पण दोन्हींचा मेळ घालायचा राहिला आहे. प्रदर्शनासाठी आणलेल्या सजवलेल्या पाटाला वेगळे गुण ठेवा किंवा अजिबात ठेवू नका. तो खेळात वापरला जात नाही आणि विमानाने आलेल्या खेळाडूला आणता येत नाही.

अवघड तंत्रं भुरळ घालतात. नॉन-मेटॅलिक मेटल, म्हणजे साध्या रंगांनी धातूचा भास, हा प्रकाश कुठून येतो हे पक्कं असेल तरच पटतो. तलवारीवर उजळ पट्टे जागोजागी मारले असतील तर साध्या धातुरंगावर नीट वॉश दिलेली तलवार जास्त गुणांची आहे. मशालीचा उजेड अंगावर दाखवताना मशालच अंगापेक्षा गडद राहिली, तर भास मोडतो. प्रयत्नाला नव्हे, परिणामाला गुण द्या. ऐतिहासिक फौजांमध्ये आणखी एक सापळा आहे: गणवेशाच्या बाहीचा रंग अमुक वर्षी वेगळा होता, असं सांगणारे जाणकार भेटतातच. नियमपत्रकात ऐतिहासिक अचूकतेचा रकाना नसेल तर ते ज्ञान बाजूला ठेवा. शिपायांची उंची १५ मिलिमीटर असलेल्या, एका बेसवर चार-पाच शिपाई असलेल्या फौजेकडून २८ मिलिमीटरच्या चेहऱ्यांची अपेक्षाही धरू नका. तिथे ठळक रंगभेद हेच कौशल्य.

रंगवलं कुणी हा प्रश्न प्रत्येकाला विचारा, संशय आला त्यालाच नव्हे. पैसे देऊन रंगवून घेतलेली फौज खेळायला चालते, पण रंगकामाच्या बक्षिसाला बसत नाही, असा नियम बऱ्याच ठिकाणी असतो. तो आधी लिहून जाहीर केलेला असला तर प्रसंग टळतात. सोबत आणखी दोन प्रश्न पुरे: कोणतं मॉडेल बदलून बनवलं आहे, आणि सर्वांत शेवटी काय रंगवलं? यातल्या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरून सगळ्यात चांगलं काम कुठे शोधायचं ते कळतं.

मॉडेलला परवानगीशिवाय हात लावायचा नाही. परवानगी मिळाली तरी बेसला धरूनच उचला. अंगाला धरलं तर तेलकट ठसा उमटतो आणि भाले मोडतात. जवळच्या मित्राची किंवा क्लबमधल्या जोडीदाराची फौज दुसऱ्या परीक्षकाकडे द्या. दुसरा परीक्षक नसेल तर हे नातं आयोजकांना आधी सांगा. तपासताना तोंडावर कौतुकही नको. शेजारचा खेळाडू ते ऐकतो आणि स्वतःला काहीच म्हटलं नाही याचा अर्थ काढत बसतो.

शेवटच्या फेरीसाठी निवडलेल्या पाच-सहा फौजा एकाच टेबलावर, एकाच उजेडात शेजारी मांडून घ्या. सकाळी आठवणीत असलेली पहिली फौज दुपारी फिकी झालेली असते आणि शेवटची उगाच ताजी. तरीही बरोबरी झाली तर आधी ठरवलेल्या रकान्याने सोडवा, बहुतेकदा एकसंधतेच्या. बेरीज दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या, मगच यादी आयोजकांना द्या. बक्षीस न मिळालेले खेळाडू नंतर गुणपत्रक घेऊन येतात, तेव्हा त्यांना एकच गोष्ट नेमकी सांगा: ‘बेसच्या कडा काळ्या करा, दोन गुण तिथे गेले,’ किंवा ‘धनुर्धाऱ्यांवर हायलाइट द्यायचा राहिला, तीन गुण.’ विजेत्याच्या फौजेशी तुलना करायची नाही, तिचं गुणपत्रक दाखवायचं नाही.