वाणासाठी क्रोशाचे थरांचे फूल

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरोघरी हळदीकुंकू होते. त्या वेळी बाजारातल्या प्लॅस्टिकच्या डब्याऐवजी स्वतः विणलेले फूल वाण म्हणून द्यावे, असे मला मनापासून वाटते. संक्रांतीच्या काळ्या साडीवर अंबाड्यातले पांढरे किंवा अबोली रंगाचे फूल फार शोभून दिसते, आणि शेजारच्या कन्नड बोलणाऱ्या मैत्रिणींनाही ते तितक्याच आवडीने देता येते. पंचवीस-तीस फुले हवी असतील, तर मात्र दिवाळी आटोपताच सुई हाती घ्यावी.

लोकरीपेक्षा सुती दोरा घ्यावा, कारण त्याला खळ चांगली बसते आणि पाकळ्या उभ्या राहतात. चार पदरी सुती दोऱ्याला अडीच मिलिमीटरची क्रोशाची सुई योग्य ठरते. गडद रंगाचा दोरा विणण्यापूर्वी ओला करून पांढऱ्या कापडावर दाबून पाहावा. रंग उतरत असेल, तर तो पांढऱ्या दोऱ्यासोबत वापरू नये.

हा नमुना मूळचा आयरिश गुलाबाचा आहे. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक रोगाने बुडून दुष्काळ पडला, तेव्हा तिथल्या अनेक कुटुंबांना क्रोशाच्या लेसने आधार दिला.

सहा साखळ्या (फासातून फास ओढून केलेले टाके) घालून त्यांचे कडे करावे. पुन्हा सहा साखळ्या घालाव्यात, त्यांतल्या पहिल्या तीन म्हणजे एक खांब (सुईवर दोऱ्याचा एक वेढा घेऊन विणलेला उंच टाका) आणि उरलेल्या तीन म्हणजे मधली जागा समजावी. मग कड्यात एक खांब आणि तीन साखळ्या असे पाच वेळा विणावे, आणि सुरुवातीच्या तिसऱ्या साखळीत सुई घालून दोरा दोन्ही फासांतून एकदम ओढून घ्यावा. आता सहा जागा तयार झाल्या. प्रत्येक जागेत एक मुका खांब (वेढा न घेता विणलेला बुटका टाका), एक अर्धा खांब (वेढा घेऊन तिन्ही फासांतून एकदम ओढलेला मधल्या उंचीचा टाका), तीन खांब, एक अर्धा खांब आणि एक मुका खांब विणला, की सहा पाकळ्यांचा पहिला थर पुरा होतो.

दुसऱ्या थराची पाकळी पहिल्या पाकळीच्या कडेला कधीही जोडू नये; तसे केले तर फूल पसरट होते आणि थर दिसतच नाहीत. दोरा तोडून पाकळ्या पुढे वळवाव्यात आणि फुलाची पाठ आपल्याकडे घ्यावी. प्रत्येक पाकळीच्या मधल्या खांबाच्या मुळाशी पाठीमागे जे दोन धागे दिसतात, तेवढेच सुईवर उचलून नव्या दोऱ्याने मुका खांब घालावा, पाच साखळ्या घालाव्यात आणि पुढच्या पाकळीच्या मधल्या खांबाकडे जावे. अशा सहा कमानी मागे तयार होतात, आणि त्या मध्यापासून मध्यापर्यंत असल्यामुळे नव्या पाकळ्या आधीच्या दोन पाकळ्यांच्या फटीतून डोकावतात. समोरून नवा दोरा दिसत असेल, तर सुई खोल गेली असे समजावे आणि तो टाका उसवावा. आता फूल समोर वळवून प्रत्येक कमानीत पहिल्यासारखीच पाकळी विणावी, फक्त मधले खांब तीनऐवजी पाच घालावेत. तिसऱ्या थराला सात साखळ्यांच्या कमानी आणि मध्ये सात खांब लागतात. कमान आखूड झाली तर पाकळी वाटीसारखी आत वळते, सैल झाली तर थर मागे लोंबतो. म्हणून पहिली कमान झाल्यावर थांबून पाहणे हिताचे आहे.

रंग आतून गडद आणि बाहेर फिकट ठेवावा, असे माझे मत आहे, कारण उलट केल्यास मधला भाग हरवतो. अंबाड्यासाठी दोन थर पुरतात. तीन थरांचे फूल पिशवीवर किंवा तोरणात अधिक शोभते.

टोके पाठीमागे लपवून टाकल्यावर फूल साबुदाण्याच्या पातळ खळीत बुडवावे, हलके पिळावे, पाकळ्या बोटांनी उभ्या कराव्यात आणि सावलीत वाळवावे. खानापूरकडच्या पावसाळ्यात हे काम करू नये, खळ ओलसर राहून बुरशी धरते. संक्रांतीपूर्वीची कोरडी थंडी त्याला उत्तम. वाळलेल्या फुलाच्या पाठीवर जाड कापडाची गोल चकती शिवावी आणि केसांचा चाप त्या चकतीलाच टाचावा, म्हणजे विणकामावर ताण येत नाही. वाण देताना फूल स्वतंत्र कागदात गुंडाळावे, कारण तिळगुळाच्या पुडीत ठेवल्यास तिळाच्या तेलाचा डाग सुती दोऱ्यावरून सहजी जात नाही.