गावाकडच्या रॉक बँडने अल्बमबद्दल लोकांच्या तोंडून खरं कसं काढायचं

पहिली गोष्ट म्हणजे "कसं वाटलं?" हा प्रश्न विचारूच नका. आपल्याकडे याचं एकच उत्तर असते, "मस्त आहे ना भाऊ", आणि एवढं बोलून माणूस परत खर्रा घोटत बसतो, त्यात त्याची चूक नाही, तो तुमच्याच गावातला, उद्या तुमच्याच ओट्यावर येऊन बसायचं आहे त्याला, तो काय तोंडावर सांगणार की तिसऱ्या गाण्यात झोप लागली म्हणून. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-दिग्रस पट्ट्यातले चार पोट्टे, आठ गाण्यांचा अल्बम, सगळा घरच्या खोलीत कापसाच्या गाद्या भिंतीला टेकवून रेकॉर्ड केलेला (अंड्याचे ट्रे चिकटवू नका, बाहेरच्या ट्रॅक्टरचा आवाज त्याने काही थांबत नाही), आणि पहिले पंधरा दिवस आम्ही हेच विचारत फिरलो. वहीत काय जमा झालं तर एकोणीस वेळा "मस्त" अन् एकदा "केस कापा".

मग प्रश्न बदलले. कोणतं गाणं पुन्हा लावलं? कुठे बंद केलं? आणि सगळ्यात कामाचा म्हणजे दोन-तीन दिवसांनी सहज भेटून "ते दुसरं गाणं कसं होतं रे, गुणगुण बरं" असं म्हणायचं. गुणगुणता आलं तर चाल बसली, नाही आलं तर तो कितीही मस्त म्हणो, नाही बसली. आणि हे बँडवाल्याने स्वतः विचारायचं नाही, बहिणीला नाही तर मित्राला पाठवा, आमच्या ड्रमरच्या वहिनीने एका दुपारी जेवढं काढून आणलं तेवढं आम्हाला महिनाभरात भेटलं नव्हतं.

वेळ पण पाहा. पोळ्याच्या आठवड्यात नाही तर सोयाबीन सोंगणीच्या घाईत कोणाच्या कानाला हेडफोन लावायला जाल तर शिव्या खाल आणि त्या शिव्या अल्बमच्या खात्यात लिहाल. पण कापूस वेचणीचे दिवस म्हणजे सोनं. वेचणाऱ्या बाया साडीवर फुल शर्ट घालतात ना, त्याच्या खिशात फोन असतो, गाणी चालू, आणि मजुरी किलोवर असल्यामुळे हात थांबवून गाणं बदलायला कोणालाच परवडत नाही. म्हणून अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकला जाण्याची आमच्या माहितीतली ही एकच जागा. आता अशा ठिकाणी कोणी बोंडातला हात काढून खिशातल्या फोनला लावला तर समजून घ्या, त्याच्याएवढी कडक प्रतिक्रिया तुम्हाला कोणताच समीक्षक देणार नाही. आमचं तिसरं गाणं चार जणींनी वेगवेगळ्या दिवशी बदललं, बदललं कुठे तर गिटारच्या लांब सुरुवातीत. ती सुरुवात पंचावन्न सेकंदांची होती, आम्हाला लय आवडायची, अठरा सेकंदांवर आणली. गिटारवाला आठ दिवस बोलत नव्हता.

आता लोकं जे बोलतात ते आपल्या भाषेत कसं वाचायचं, यातच खरा वेळ घालवा, कारण माणूस "मिडरेंज जास्त आहे" असं नाही म्हणत. "गाणारा इहिरीतून बोंबलून रायला काय बे" म्हणजे आवाजावर रिव्हर्ब (घुमारा) जास्त झाला, निम्मा करा. "शब्दच समजून नाही रायले" म्हणजे गाणाऱ्याचा आवाज वाढवायची घाई नको, आधी गिटारी एक ते चार किलोहर्ट्झच्या मध्ये (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं, आकडा मोठा तेवढा सूर बारीक) दोन-तीन डीबी (आवाज मोजायचं माप) खाली घ्या, शब्द कळतात ते जास्त करून त्याच पट्ट्यात आणि आपण दोन डिस्टॉर्शनवाल्या (आवाज मुद्दाम खरखरीत केलेल्या) गिटारी तिथेच आणून बसवतो. "डोकं उठवलं रे पोट्टेहो" हे आवाज मोठा म्हणून नसते बरेचदा, तीन-चार किलोहर्ट्झला आपला कान सगळ्यात तिखट असतो आणि क्रॅश सिंबल (ड्रमवरच्या मोठ्या झांजा) नेमके तिथे चिरकतात, तिथे हात लावा.

आणि "ढोल कुठी गेला?", म्हणजे खालचा जाडा आवाज ऐकूच येत नाही, हा तर आम्हाला सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न. आम्ही हेडफोनवर मिक्स केलेलं (सगळ्या वाद्यांचे आवाज जुळवून एक केलेलं), लोकं ऐकणार फोनच्या स्पीकरवर. बास गिटारची सगळ्यात जाडी तार 41 हर्ट्झला वाजते, एवढ्याशा स्पीकरमधून ते निघणारच नाही, तुम्ही बासचा नॉब कितीही फिरवा. उपाय उलटा आहे, बासवर थोडं डिस्टॉर्शन टाका म्हणजे वरचे सूर तयार होतात, 82, 123, 164 असे, आणि ते ऐकून खालचा सूर नसला तरी डोकं तो भरून घेते. किकचं (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) पण तसंच, त्याची वरची टकटक थोडी वाढवली की ढोल परत येतो.

एक काकाजी म्हणाले, यात खंजिरी काहून नाही? आम्ही हसलो. तुकडोजी महाराजांच्या भजनांवर वाढलेला माणूस, तो खंजिरीच मागणार. पण तेच गाणं अजून दोघांनी "जड चालते" म्हणून सांगितलं तेव्हा डोक्यात आलं की खंजिरी जे काम करते, ठेक्याच्या मधल्या जागा भरायचं, ते आमच्या ड्रममध्ये कोणीच करत नव्हतं. खंजिरी नाही टाकली, हाय-हॅट (ड्रमवरच्या जोडझांजा) एका ठोक्यात चारदा वाजवला. झालं. काकाजींना अजून वाटते की त्यांचं ऐकलं नाही.

सगळ्यांचंच ऐकायचं का तर अजिबात नाही. आमचा नियम असा की एकाने सांगितलं तर फक्त लिहून ठेवायचं, एकमेकांशी न बोललेल्या तिघांनी एकाच जागेवर बोट ठेवलं तरच मिक्स उघडायचा. पानठेल्यावर एकत्र बसलेले पाच जण म्हणजे पाच नाही, एकच मत आहे ते, पहिला जे बोलतो तेच बाकीचे बोलतात. आणि कोणी "हे काय गाणं आहे, नुसता कल्ला" म्हटलं तर त्याला रॉकचा इतिहास समजावून सांगत बसू नका, त्याला रॉक नाही आवडत, विषय संपला.

आकड्यांचं थोडक्यात सांगतो. स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकलं की एक स्ट्रीम मोजल्या जाते, म्हणजे चारशे स्ट्रीम दिसले म्हणून चारशे लोकांनी गाणं पूर्ण ऐकलं असं नाही, तीसव्या सेकंदाला पळाले असतील. यूट्यूब स्टुडिओमध्ये लोकं कुठे सोडून जातात त्याचा ग्राफ दिसतो, तो जास्त कामाचा. फक्त आपल्याकडे तो खाली पडला तर गाणं वाईटच असं नाही, शिवारात नेटवर्क पण जाते.

काही प्रतिक्रिया प्रतिक्रियेसारख्या दिसतच नाहीत. आमचं एक गाणं शकुंतलेवर आहे, मूर्तिजापूर-यवतमाळ नॅरोगेज गाडी, दारव्ह्यावरून जायची, आता बंद. ते एका आजोबांना ऐकवलं तर गाण्याबद्दल एक शब्द नाही, अर्धा तास ते लग्नाच्या वरातीला त्या गाडीत कोण कोण होतं अन् इंजिनाचा धूर कसा डोळ्यात जायचा तेच सांगत बसले. गिटारवाला वैतागला, म्हणे यांनी ऐकलंच नाही. अरे बाबा, अजून काय पाहिजे तुला? वहीत आम्ही त्या गाण्यासमोर "हात लावू नका" लिहिलं.

बदल करून झाले की त्याच माणसांकडे, त्याच फोनवर परत जा आणि काय बदललं ते सांगू नका. जुनं-नवं शेजारी शेजारी ऐकवत असाल तर दोन्हीचा आवाज सारखा ठेवा, जे मोठं वाजते तेच कानाला चांगलं वाटते. आणि नवीन फाईलला नाव वेगळं द्या अन् जुनी आठवणीने उडवा, आम्ही ते नाही केलं, म्हणून चुलतभावाच्या ट्रॅक्टरच्या पेनड्राइव्हवर अजून ती पंचावन्न सेकंदांची सुरुवातच वाजते अन् गिटारवाला मुद्दाम त्याच ट्रॅक्टरवर बसून वावरात जाते.