इजिप्तला कॅमेरा नेताना या चुका टाळा

इजिप्तला जाणाऱ्या गटांबरोबर मी अनेकदा गेलो आहे, आणि दर खेपेला कोणीतरी तीच जुनी चूक नव्या उत्साहाने करतो. सर्वांत महागात पडणारी चूक ड्रोनची. तेथील २०१७ च्या कायदा क्रमांक २१६ नुसार संरक्षण मंत्रालयाच्या परवान्याशिवाय ड्रोन देशात आणणे किंवा जवळ बाळगणे हाच गुन्हा आहे. उडवण्याचा प्रश्न त्यानंतरचा. आमच्या एका तरुण सहप्रवाशाने मात्र, भारतात अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला वैमानिक परवाना लागत नाही म्हणजे तो कुठेच लागत नसावा, असा सोयीस्कर अर्थ काढून आपला ड्रोन स्वेटरमध्ये गुंडाळून आणला होता. कैरोच्या विमानतळावर बॅग क्ष-किरण यंत्रातून बाहेर आली तीच बाजूला घेतली गेली. अधिकाऱ्याने स्वेटर शांतपणे उलगडला, एक पाते बोटाने फिरवून पाहिले आणि पासपोर्ट मागितला. पुढचे साडेतीन तास जबाब आणि अरबी कागदांवरच्या सह्या यांत गेले, तोवर बाकीचा गट बसमध्ये बसून दशम्या संपवत होता. ड्रोन अर्थातच परत मिळाला नाही. तेव्हापासून मी निघण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येकाला ड्रोनबद्दल नाव घेऊन विचारतो. लोकांना राग येतो, येऊ दे.

दुसरी चूक अर्धवट वाचनाची. २०२२ मध्ये तेथील मंत्रिमंडळाने पर्यटकांना सार्वजनिक ठिकाणी वैयक्तिक वापरासाठी विनापरवाना, विनाशुल्क छायाचित्रणाची मुभा दिली, एवढेच सर्वांना पाठ असते. त्याच निर्णयात लहान मुलांचे छायाचित्र घेण्यास मनाई आहे, प्रौढ नागरिकांची लेखी संमती आवश्यक मानली आहे आणि देशाच्या प्रतिमेला बाधा आणणारी दृश्ये टिपण्यास बंदी आहे, हे वाचण्याइतका धीर घाईच्या प्रवाशांत नसतो.

पोलीस, सैनिक आणि तपासणी नाके यांच्याकडे कॅमेरा वळवूच नये. नाका जवळ आला की मी मोबाइल मांडीवर पालथा ठेवतो. थडग्यांमध्ये फ्लॅश बंद.

राजांच्या खोऱ्यात, म्हणजे प्राचीन राजांची थडगी असलेल्या दरीत, एखादा रखवालदार खूण करून दोरीपलीकडे बोलावतो आणि हवे तितके फोटो घ्या असे सुचवतो, तेव्हा ती परवानगी नसते, बक्षिसाची मागणी असते. शब्दही तिथे जवळजवळ आपलाच आहे, बक्शीश. मी अशा वेळी लेन्सवर झाकण चढवून हात मागे बांधतो.