आजोबांची फोर्ड पुन्हा उभी करण्याआधी

आमची फोर्ड मॉडेल ए मी जन्मायच्या आधीच भंगारात गेली. उरला एक फोटो, रेडिएटरचं कवच आणि गोठ्याच्या दारावरची तुळई. ती तुळई म्हणजे चॅसीची, गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याची, एक बाजू आहे, हे तिच्याखालून इतकी वर्षं ये-जा करूनही मला कळलं नव्हतं. परवा गिलावा पडला तेव्हा रिव्हेट दिसले.

म्हणून अशी गाडी पुन्हा बांधायला पैसे मोजण्याआधी घर, वाडा, विहीर नीट पाहून घ्या. आपल्याकडे जुन्या गाडीतलं लोखंड वाया जात नाही. स्प्रिंगच्या पाट्यांच्या पोलादाचे लोहारानं विळे केलेले असतात, दाराची बिजागरी धान्याच्या कोठीला लागलेली असते. सापडलेली वस्तू लगेच उपटू नका. तुळई काढायची तर आधी दुसरी बसवा, आणि हे मृगाच्या आत उरका, नाहीतर गाडीपायी बैलं पावसात.

मग फोटो. गावात ज्यांच्या ज्यांच्या वरातीत गाडी गेली त्या घरांतून अल्बम मागवा. आपल्या घरच्या फोटोत हमखास कोणीतरी पायरीवर पाय देऊन नेमका हवा तो भाग झाकलेला असतो. अगदी बाजूनं काढलेला एक फोटो मिळाला की माप निघतं. मॉडेल एच्या पुढच्या-मागच्या आसांमधलं अंतर 103.5 इंच. आमच्या फोटोत ते 69 मिलिमीटर भरलं, म्हणजे एका मिलिमीटरला दीड इंच. हा हिशेब फक्त चाकांच्या रेषेतल्या वस्तूंना लावा. कॅमेऱ्याच्या जवळची वस्तू मोठी दिसते आणि पुढे पत्रा कापताना फसवते. साल ठरवायला चाकं बघा: 1928-29 च्या गाडीला 21 इंची, 1930-31 ला 19 इंची. साल नक्की झाल्याशिवाय एकही सुटा भाग मागवू नका. या मॉडेलच्या सुमारे 48 लाख गाड्या बनल्या, त्यामुळे अमेरिकेत तिचे सुटे भाग आजही नवे तयार होतात. मात्र आपल्या आजोबांची गाडी एखाद्या दुर्मीळ कंपनीची असेल, तर प्रत्येक तुकडा घडवायचा आहे असं धरूनच बजेट मांडा.

कागदांचं आधीच स्पष्ट करून घ्या. 2021 च्या मोटार वाहन नियमांत व्हिंटेज नोंदणी आहे: 50 वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी, नव्या नोंदणीला 20,000 रुपये. एका जुन्या तुळईभोवती उभारलेली गाडी त्यात बसवायला जाऊ नका. ती नवी आहे, नवीच म्हणा. आमची शेतात आणि पांदणीवर फिरेल, तेवढं पुरे.

हुडाच्या, म्हणजे वरच्या कापडी टपाच्या, कमानी लाकडी असतात. त्यासाठी फर्निचरवाला नको, बैलगाडी बनवणारा सुतार गाठा. आमच्या मिस्त्रींनी फोटो उन्हात धरला आणि म्हणाले, "भाऊ, हे तं छकड्याचंच काम हाये, फक्त याले बैल नाई." सागवान आत्ताच घेऊन सावलीत रचून ठेवा, वैशाखभर वाळू द्या. कपाशीच्या वेचणीत मात्र कोणाचाही हात मोकळा नसतो, तेव्हा काम ठरवू नका.

पान्यांचा डबा वेगळा करा. या गाडीचे नट-बोल्ट इंचातले, आटे 60 अंशांच्या कोनाचे. जुन्या ब्रिटिश गाड्यांचे आटे 55 अंशांचे, बाजारातले मिलिमीटरचे. जोर लावला तर चुकीचा बोल्टही दोन फेरे बसतो आणि आटे खाऊन टाकतो. इलेक्ट्रिशियनला पहिल्याच दिवशी बजावा की गाडी 6 व्होल्टची आहे आणि बॅटरीचा धन टोक बॉडीला जोडलेला आहे. सवयीनं तो उलटं जोडणारच.

इंजिनाचे बेअरिंग बॅबिटचे, म्हणजे मऊ मिश्रधातू वितळवून ओतायचे. ओतणारा कारागीर सापडेपर्यंत इंजिन उघडू नका. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, म्हणून जुनं रबर असेल तेवढं बदला. टाकी डॅशबोर्डच्या पुढे, अगदी गुडघ्यांवर असते. गळती झाली तर थेट मांडीवर, तेव्हा तिथे डागडुजी नको, टाकी नवीच करा.

पहिल्यांदा सुरू करायचा दिवस पऱ्हाटी निघाल्यानंतरचा धरा, म्हणजे धुऱ्याला गाडी अडकणार नाही. सेल्फ असला तरी पोरं हँडल मारायला धावतील. आधी स्टिअरिंगच्या डाव्या हाताची स्पार्कची दांडी पूर्ण वर करा, म्हणजे ठिणगी उशिरा पडते, आणि हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायला शिकवा. इंजिननं उलट झटका दिला की वेढलेल्या अंगठ्यासकट मनगट जातं.